अप्पांच्या फील्ड टेस्टचा कागद काळाकुट्ट आलाय. काचबिंदू वाढला की मोतीबिंदू?

मलप्रभाकाठ

मंडळी, डोळ्यांतलं कळणारं कुणी असेल तर जरा बघा. लांबण लागेल, आधीच माफी मागतो.

अप्पा ७१ वर्षांचे. खानापूर तालुक्यात आमची भातशेती. चार वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा उजव्या डोळ्यात काचबिंदूची सुरुवात आहे असं निघालं. तेव्हापासून रात्री झोपताना एक थेंब. तो त्यांनी कधी चुकवला नाही, वारीत असतानाही नाही. डोळ्यातलं प्रेशर १६-१७ च्या पुढे गेलेलं नाही. वर्षातून एकदा बेळगावला जाऊन फील्ड टेस्ट (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते मशीनवर मोजतात ती) करायची, हे ठरलेलं.

गेल्या साली कागदावर नाकाकडच्या बाजूला वर छोटा काळा डाग होता, बाकी राखाडी. यंदा उजव्या डोळ्याचा अख्खा गोल काळा. तव्याला लागलेली भाकरी असते तसा. टेस्ट घेणारा मुलगा पॅसेजमध्येच बोलून गेला, "काचबिंदू लई वाढलाय". आत डॉक्टरांकडे गर्दी. त्यांनी कागद वर-खाली पाहिला आणि म्हणाले, आणखी एक थेंब सुरू करू, महिन्यानं या, नाही आटोक्यात आलं तर काचबिंदूचं ऑपरेशन. मोतीबिंदूही आहे, तो नंतर बघू. दोन मिनिटांत बाहेर.

परतीच्या बसमध्ये अप्पा खिडकीकडं बघत बसले होते. देसूरच्या पुढं आल्यावर म्हणाले, "आंधळा होणार म्हणजे मी."

आता माझी शंका. अप्पांची तक्रार वेगळीच आहे. बाजूचं दिसत नाही असं ते म्हणत नाहीत. समोरून गाडी आली की दिव्याभोवती पिसारा फुटतो, चंद्र दोन दिसतात, आणि तांदूळ निवडताना खडा सापडत नाही म्हणून आईशी रोज भांडण. हे मोतीबिंदूचं नव्हे काय?

टेस्टही धड झाली नाही असं मला वाटतं. टेस्ट घेणारा मुलगा बागलकोटकडचा. तो कानडीत सांगत होता, "अज्जा, नेट्टग नोड्री, लाईट कंडर ओत्री." (आजोबा, सरळ बघा, लाईट दिसला की दाबा.) अप्पांना बाजारापुरतं कानडी येतं, पण डोळ्याला पट्टी, हनुवटी पट्ट्यावर, हातात बेलचं बटण आणि अंधारी खोली. मशीन मधूनमधून कुर्र करतं. घरी आल्यावर विचारलं तेव्हा कळलं की अप्पा उजेड दिसल्यावर नाही, मशीननं आवाज केला की बटण दाबत होते! "त्यानं आवाज केला म्हणजे दाखवलंच असणार की." वर जेवून गेलो होतो, मधे एकदा डुलकी लागली असंही कबूल केलं.

तर सांगा, मोतीबिंदूमुळं फील्ड टेस्ट एवढी बिघडू शकते का?

निपाणीकर

आमच्या आत्याचं डिट्टो. ती विडी कामगार, जन्म गेला तंबाखूत. तिलाही "फील्ड गेलं" म्हणून घाबरवलं होतं. नंतर पापणी चिकटपट्टीनं वर धरून टेस्ट घेतली तर वरचा काळा पट्टा गायब! पापणीच लोंबत होती. तुम्ही टेस्ट परत करून घ्या, सकाळच्या वेळेला.

खडे_बाजार

डॉक्टरांवर विश्वास ठेवा. इथं विचारून काय होणार. सगळेच गुगल डॉक्टर.

उजेडवाली

@मलप्रभाकाठ, मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर आणि चष्म्याचा नंबर तपासणारी) आहे. माहेर शहापूरचं, काम कोल्हापुरात. रोज आठ-दहा फील्ड टेस्ट घेते. तुमच्या डॉक्टरांनी डोळा बघितलाय, मी नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

पहिलं म्हणजे काळा गोल बघून घाबरू नका. तो गोल कागदावर सगळ्यात मोठा छापतात आणि नेमका तोच सगळ्यात कमी कामाचा. घरच्यांची नजर तिथंच जाते. काही वेळा टेक्निशियनचीही.

टेस्टमध्ये काय होतं बघा. आतून पांढऱ्या, मंद उजळलेल्या वाटीत ५४ ठिकाणी (तुमच्या कागदावर २४-२ लिहिलं असेल तर) छोटा ठिपका सेकंदाच्या पाचव्या भागाइतका वेळ चमकतो. दिसला की बटण. मशीन तो कमी-जास्त तेज करून पाहतं आणि त्या जागी सगळ्यात मंद कुठला दिसला ते डेसिबलमध्ये (इथं आवाजाचं नव्हे, उजेडाचं माप) लिहितं. आकडा मोठा तर ठिपका मंद, म्हणजे नजर चांगली. शून्य म्हणजे मशीनचा सगळ्यात तेज ठिपका. ३ डेसिबल पडले की दिसायला दुप्पट उजेड लागतो, ६ पडले की चौपट.

आता मोतीबिंदू. लोकांना वाटतं तो काळ्या चष्म्यासारखा उजेड अडवतो. नुसता अडवला असता तर ठिपक्याबरोबर मागची वाटीही तेवढीच अंधारली असती, आणि दोन्हींतला फरक बराचसा तसाच राहिला असता. खरी गोची उजेड विखुरण्याची आहे. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गेलाय ना? धुक्यात हेडलाईट मोठा केला की रस्ता दिसत नाही, धुकंच पांढरं होतं. मोतीबिंदूत तेच होतं. ठिपक्याचा उजेड फिसकटतो, वाटीचा उजेड त्यावर पसरतो, आणि ठिपका मागच्या पांढऱ्यात बुडतो. अप्पांचा गाडीच्या दिव्याभोवतीचा पिसारा आणि काळा कागद, दोन्ही त्याच धुक्याची पोरं.

धुकं सगळीकडं पडतं, म्हणून मोतीबिंदूत नजर सगळीकडंच थोडी खाली बसते. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्याच्या नसेचे धागे ठराविक वाटेनं कमानीसारखे जातात, आडव्या मध्यरेषेच्या वर वेगळे, खाली वेगळे. नस जिथं खराब होते तिथली कमान जाते. खड्डा पडतो आणि बहुतेकदा नाकाच्या बाजूला त्या आडव्या रेषेवर पायरी दिसते.

म्हणून कागदाच्या खालच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांचे दोन नकाशे शेजारी असतात ते बघा. डावीकडचा टोटल डेव्हिएशन, त्या वयाच्या निरोगी माणसापेक्षा किती कमी. उजवीकडचा पॅटर्न डेव्हिएशन. तुम्ही शेतकरी, तुम्हाला लगेच कळेल. अख्खा वाफा वीतभर खचला आणि त्यात दोन खड्डेही आहेत. टोटलमध्ये खचलेलं आणि खड्डे सगळंच मोजलं जातं. पॅटर्नमध्ये मशीन आधी वाफा वर उचलून मूळ पातळीला आणतं, मग उरतात ते खड्डे. किती उचलायचं? चांगल्या ठिपक्यांत वरून सातवा जो, त्याच्या हिशोबानं.

डावा नकाशा भरून काळा आणि उजवा जवळपास मोकळा असेल, तर संशय मोतीबिंदूवर. दोन्हीकडं त्याच जागी काळे चौकोन असतील तर तिथला खड्डा खरा.

कागदावरून एवढे आकडे द्या: फॉल्स पॉझिटिव्ह, एमडी, पीएसडी, व्हीएफआय. जमल्यास गेल्या सालचेही. नाव झाकून.

आणि थेंब बंद करू नका. कुठलाच.

वडगावची_माई

उजेडवालीताई, किती सोपं करून सांगितलंस ग! माझ्या मिस्टरांना पाच वर्षं हाच कागद देतायत, फाईल फुगलीय, पण उजव्या नकाशाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मलप्रभाकाठ

ताई, कागद शोधून काढले. कंदिलाच्या काचेसारखे पुसून बघितले म्हणा. उजवा डोळा, २४-२.

गेल्या साली: एमडी −४.१, पीएसडी ३.४, व्हीएफआय ८८ टक्के. फॉल्स पॉझिटिव्ह ३ टक्के.
यंदा: एमडी −९.८, पीएसडी ३.९, व्हीएफआय ८६ टक्के. फॉल्स पॉझिटिव्ह १८ टक्के.

उजवीकडच्या नकाशात नाकाकडं वर सहा काळे चौकोन, गेल्या साली पाच होते. डावीकडचा नकाशा जवळजवळ सगळा काळा.

उजेडवाली

वाचते.

फॉल्स पॉझिटिव्ह १८ टक्के म्हणजे ठिपका दिसणं शक्यच नव्हतं तेव्हाही बटण दाबलं. आवाजावर दाबत होते म्हणालात, ते इथं पकडलं गेलंय. १५ टक्क्यांच्या वर गेलं की आम्ही टेस्ट बाद धरतो. त्यात असं उगाच दाबण्यानं कागद चांगला दिसतो, वाईट नाही. म्हणजे अप्पांची खरी एमडी कदाचित याहून खालीच असेल. टेस्ट परत हवीच.

तरीही या कागदात मला रस आहे. एमडी म्हणजे सगळ्या ठिपक्यांची मिळून सरासरी घसरण. ती जवळपास पावणेसहा डेसिबलनं पडली. पीएसडी म्हणजे खड्ड्यांचा खडबडीतपणा. तो जवळपास जागेवर. व्हीएफआय म्हणजे शंभरातली किती नजर शाबूत ते. तो पॅटर्नच्या नकाशावरून निघतो, म्हणून मोतीबिंदू त्याला फारसा हात लावू शकत नाही. तो ८८ वरून ८६. काचबिंदू एका वर्षात एवढा वाढला असता तर हे तिन्ही मिळून बिघडले असते.

म्हणजे माझ्या मते वाफा खचलाय, खड्डा जुनाच आहे. पण खड्डा आहे, हे विसरू नका. "सगळं मोतीबिंदूचंच" म्हणून कुणी पाठ थोपटली तर तेही चूक.

आणखी एक. मोतीबिंदू वाढताना खूपदा चष्म्याचा नंबर उणेकडं सरकतो. टेस्टच्या वेळी मशीनसमोर जी भिंग लावतात ती जुन्या नंबरची असेल तर ठिपका आणखी फिकटतो. परत करताना आधी नंबर काढून घ्या म्हणावं. भिंग डोळ्याच्या जवळ, चेहरा नीट टेकलेला. नाहीतर भिंगाची कडच कागदावर काळं कडं म्हणून छापून येते. नेहमी जमतं असं नाही, रांग लागली की आमच्याकडूनही राहतं.

आणि मराठीत सांगणारं कुणीतरी खोलीत राहू द्या. टेस्ट सुरू व्हायच्या आधी सगळं सांगायचं, मधे बडबड नाही. "मशीनच्या आवाजाकडं लक्ष देऊ नका. मधल्या पिवळ्या दिव्यावरून नजर हलवायची नाही. अर्धे ठिपके दिसणारच नाहीत, ते मुद्दाम तसेच असतात." हे शेवटचं वाक्य सांगितलं की निम्मी भीती जाते. म्हाताऱ्या माणसांना वाटतं आपण नापास होतोय, मग ती अंदाजानं दाबत सुटतात.

खडे_बाजार

मग सरळ मोतीबिंदू काढून टाका की. मोतीबिंदू काढला की काचबिंदूही जातो, आमच्या शेजाऱ्याचे थेंब बंद झाले.

उजेडवाली

शेजाऱ्यांचा काचबिंदू बंद कोनाचा असेल (कोन म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जागा). त्यात डोळ्यातली फुगलेली मूळ लेन्स डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अडवते, ती काढली की वाट मोकळी होते आणि प्रेशर उतरतं. यावर ईगल नावाचा मोठा अभ्यास २०१६ साली लॅन्सेटमध्ये आला होता, त्यात तर लेन्स आधीच काढल्याचा फायदा दिसला. उघड्या कोनाच्या काचबिंदूत प्रेशर थोडं उतरू शकतं, पण नसेचे गेलेले धागे परत येत नाहीत. आणि "थेंब बंद" हे डॉक्टरांनी ठरवायचं, शेजाऱ्यांनी नव्हे.

अथणीचा_ऊस

उलटी गोष्ट सांगतो. आमच्या मामांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवीकडचं दिसत नाही, ताटातली उजवीकडची भाजी तशीच राहायची. सगळे म्हणाले मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. समोरचं लख्ख दिसायला लागलं, पण भाजी तशीच! मग मिरजेला दाखवलं, फील्ड काढली तर दोन्ही डोळ्यांची उजवी अर्धी बाजू सुरीनं कापल्यासारखी गेलेली. आधी कधीतरी मेंदूत झटका येऊन गेला होता, हात-पाय शाबूत राहिल्यानं कळलंच नाही.

उजेडवाली

@अथणीचा_ऊस, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मोतीबिंदू उभ्या मध्यरेषेवर कधी थांबत नाही. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूचं अर्धं जातंय असं दिसलं तर ते डोळ्याच्या मागचं दुखणं, मेंदूकडं बघायचं. मोतीबिंदू दाट असताना अशी कड पुसट होते, म्हणून निसटतं. मशीन लागतही नाही, समोर बसून एक डोळा झाकायला सांगून बोटं हलवली तरी कळतं.

निपाणीकर

मामा आता कसे आहेत?

अथणीचा_ऊस

बरे आहेत. मामी ताट फिरवून ठेवते.

मलप्रभाकाठ

(तीन महिन्यांनी. धागा वर काढतोय.)

उजेडवालीताईंचे आणि सगळ्यांचे आभार. झालं ते सांगतो.

टेस्ट परत केली, सकाळी नऊला, पोटात फक्त चहा. मी स्वतः खोलीत उभा. अप्पांना "अर्धे दिसणारच नाहीत" हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग आधी सांगायचं न्हवं!" फॉल्स पॉझिटिव्ह ४ टक्के. एमडी −१०.३. ताई म्हणाल्या तसं आणखी खालीच आली. पॅटर्नच्या नकाशात तेच सहा चौकोन.

दोन्ही वर्षांचे कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी बाहुली मोठी करून नस पाहिली. नस गेल्या वर्षीसारखीच आहे म्हणाल्या. ओसीटीही (नसेच्या थराची जाडी मोजणारा स्कॅन) केली, पण मोतीबिंदूमुळं सिग्नल कमी आला, त्यामुळं त्या आकड्यांवर भिस्त ठेवता येणार नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मोतीबिंदू आधी काढायचा ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी वेगळंच. संमतीपत्र कानडी आणि इंग्रजीत. अप्पा १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातले, त्यांनी पेन खाली ठेवलं. सिस्टर हसल्या, एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली, मग अप्पांनी मराठीत सही केली. वीसेक मिनिटांत ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर पहिलं वाक्य, "भिंत पांढरी आहे व्हय ही? मला पिवळी वाटत होती."

सहा आठवड्यांनी नवा नंबर काढून फील्ड. एमडी −४.९. पीएसडी ४.६. व्हीएफआय ८६. काळा गोल गेला, कागद राखाडी झाला. मी खूश. पण पॅटर्नमध्ये सहाचे आठ चौकोन झालेत आणि पीएसडी वाढलाय! ऑपरेशननं काचबिंदू वाढला का? अप्पांना अजून सांगितलेलं नाही.

उजेडवाली

सांगा, बिनधास्त सांगा. वाढलेला नाही. धुकं असताना खड्ड्याच्या आजूबाजूची जमीनही खचलेली होती, त्यामुळं खड्डा उथळ वाटत होता. जमीन वर आली, आता खरी खोली दिसतेय. मोतीबिंदू काढल्यावर एमडी सुधारते आणि पीएसडी थोडा वाढतो, हे आम्ही नेहमी बघतो. मोतीबिंदू काचबिंदूला फुगवून दाखवतो तसा झाकूनही ठेवतो. हे दुसरं मी पहिल्यांदा लिहिताना पुरेसं सांगितलं नव्हतं.

आता खरं महत्त्वाचं. मशीन प्रत्येक नवी टेस्ट जुन्या पायाशी ताडून बघतं. तो पाया मोतीबिंदूच्या काळातला राहिला तर पुढची दोन-तीन वर्षं काचबिंदू खरोखर वाढला तरी कागद "आधीपेक्षा बरं" म्हणत राहील. म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारून ऑपरेशननंतरच्या दोन चांगल्या टेस्ट नवा पाया म्हणून लावून घ्या. एक झालीय, दुसरी थोड्या महिन्यांत. जुने कागद फेकू नका, फक्त त्यांच्याशी तुलना करू नका. फाईलवर ऑपरेशनची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. पुढं डॉक्टर बदलले तर तीच रेघ कामाला येते.

आणि वर्ष-दोन वर्षांनी कधी सगळीकडूनच परत थोडी घसरण दिसली तर आधी बसवलेल्या लेन्समागचा पातळ पापुद्रा जाडसर झालाय का ते बघायला सांगा. तो लेझरनं पाच मिनिटांत मोकळा होतो.

वडगावची_माई

मी आमच्या फाईलवर तारीख लिहिली बाई लगेच. लाल पेनानं.

खडे_बाजार

बरं लिहिताय ताई. मीही आईचा कागद काढून बघितला. उजवा नकाशा मोकळा आहे. जरा जीवात जीव आला.

उजेडवाली

@खडे_बाजार, तरी नस एकदा तपासून घ्या. मोतीबिंदू बाहुलीच्या मधोमध, लेन्सच्या मागच्या बाजूला असला तर मधले ठिपके जास्त पडतात आणि उजव्या नकाशातही खोटे चौकोन येतात. नजर फार गेलेली असली तर उलट होतं, वर उचलायला चांगला ठिपकाच शिल्लक नसतो, मग उजवा नकाशा फसवतो किंवा मशीन तो छापतच नाही. कागद मोकळा म्हणून थांबू नका.

मलप्रभाकाठ

अप्पांना सांगितलं. "आधी होता तेवढाच हाय ना? मग झालं," म्हणाले आणि तांदूळ निवडायला बसले. आईला खडे दाखवत होते, एकेक.

डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू धरतोय. तिथं काचबिंदू नाही असं म्हणतात. ऑपरेशनच्या आधी त्या डोळ्याची फील्ड करावी का?

उजेडवाली

करून ठेवा. काळा आला तरी चालेल. उजवा नकाशा बघायचा आणि नंतरच्या कागदाशेजारी ठेवायला तो लागेल.

मलप्रभाकाठ

मंगळवारची वेळ घेतली. सकाळी नऊची. तो बागलकोटचा मुलगा फोनवर मला म्हणाला, "अज्जांना सांगा, आवाजावर दाबायचं नाही." मराठीत.